कोणती गाय द्यावी?

(लातूर येथे झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला अनेक मंडळ्यांतून विचारला गेला. कोणी पत्रातून विचारला, कोणी उपासनेनंतर हात धरून विचारला. प्रश्न असा : "किनवट-माहूरच्या आदिवासी कुटुंबांना गाय द्यायची तर चांगली दहा-बारा लिटर दूध देणारी जर्सी किंवा होल्स्टीन का देत नाही? आम्ही पैसे द्यायला तयार आहोत. दोन-तीन लिटरवाली गावरान गाय देऊन त्यांची गरिबी कशी हटणार?"

प्रश्न प्रेमातून आलेला आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. आज मला मिळालेला वेळ मी त्यासाठीच वापरणार आहे. मी पशुवैद्य नाही. पण गेली अनेक वर्षे गुड्यांवर आणि पोडांवर काम करताना जनावरांच्या डॉक्टरांकडून, विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यांतून आणि स्वतः गुरे राखणाऱ्यांकडून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या स्वतःच्या धनापासून करू या. आपण बसलो आहोत त्या लातूर जिल्ह्यात देवणी नावाचा तालुका आहे आणि त्याच नावाची गाय आहे. उदगीर, देवणी आणि भोवतालच्या पट्ट्यातली ही गाय आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांच्या दावणीला असेल. तिचे तीन प्रकार जाणकार ओळखतात. अंग पांढरे आणि तोंड काही भागात काळे असेल तर वानेरा. अंग पांढरे आणि खालच्या बाजूला काळे ठिपके असतील तर बालंक्या. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे पट्टे-ठिपके असतील तर शेवरा. देवणीचा बैल ओढकामाला दणकट आणि गाय घरापुरते दूध देणारी, म्हणून तिला दुहेरी उपयोगाची जात म्हणतात.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कंधार, मुखेड, लोहा, नायगाव, बिलोली या भागात लाल कंधारी आहे. गडद लाल रंग, वळू गाईपेक्षा अधिक गडद, मध्यम बांधा, उन्हात कामाला न थकणारा बैल. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्याने ही जनावरे ओळीने उभी पाहिली आहेत, त्याला वेगळे वर्णन सांगायला नको. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशातल्या ज्या जाती नोंदवल्या आहेत, त्यांत या दोन्ही आहेत. मराठवाड्याच्या एका कोपऱ्यात शेजारी-शेजारी दोन नामवंत जाती असणे ही मोठी देणगी आहे.

आता दुधाचे खरे सांगतो. लाल कंधारी एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास दूध देते. देवणी आठशे ते नऊशेच्या दरम्यान. नीट पोसलेली संकरित गाय दोन ते तीन हजार लिटर सहज देते. पहिल्या वेताचे वयही पाहा. लाल कंधारी कालवड साधारण चार वर्षांची होते तेव्हा व्यायला येते, संकरित कालवड अडीच-तीन वर्षांत येते. हा फरक कोणी नाकारू नये. देशी गाईच्या प्रेमापोटी जो आकडे लपवतो तो शेतकऱ्याची फसवणूक करतो.

मग हा फरक आला कुठून? देवाने होल्स्टीनला वेगळ्या मातीने घडवले असे नाही. तो निवडीचा परिणाम आहे. युरोपातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या गाईने जास्त दूध दिले तिच्या पोटचा वळू राखला, कमी दूध देणारीची वासरे पैदाशीतून काढली, आणि हे सारे वहीत लिहून ठेवले. आपल्याकडे निवड झाली, पण ती बैलाची झाली. कोणता गोऱ्हा नांगराला चांगला चालतो, कोणाचे खूर काळ्या जमिनीत टिकतात, कोण दुपारच्या उन्हात धापा टाकत नाही, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले. जे निवडले ते मिळाले.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात याकोब आणि लाबान यांचा करार आठवा. ठिपकेदार आणि काळी जनावरे याकोबाची, बाकीची लाबानाची. लाबानाने त्याच दिवशी ठिपकेदार जनावरे वेगळी काढून तीन दिवसांच्या वाटेवर पाठवून दिली, म्हणजे याकोबाला काही मिळू नये. तरीही उरलेल्या एकरंगी कळपातून ठिपकेदार पिले जन्मली. सोललेल्या काठ्यांबद्दल आपण लहानपणी रविवारच्या शाळेत पुष्कळ ऐकले. पण पुढच्या अध्यायात याकोबाला स्वप्नात जे दाखवले जाते ते नरांविषयी आहे : कळपावर जे नर चढत होते ते ठिपकेदार आणि बांडे होते. याकोबाने सशक्त जनावरांची पैदास वेगळी राखली हेही तिथे लिहिले आहे. बाहेरून एकरंगी दिसणाऱ्या जनावरात ठिपक्यांचा गुण दडून राहू शकतो, आणि पुढच्या पिढीत तो वर येतो, हे आज जनुकशास्त्र सांगते. हा नियम वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून ज्याने शोधला तो ग्रेगोर मेंडेल एका ख्रिस्ती मठातला साधू होता. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

रंग डोळ्याला दिसतो. दूध मात्र वळूच्या अंगावर दिसत नाही. वळू कितीही रुबाबदार असला तरी त्याच्या मुली किती दूध देतील हे त्याच्या शिंगांवरून कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या अनेक मुलींचे दूध मोजतात आणि मग वळू चांगला की नाही ते ठरवतात. याला संततीवरून पारख म्हणतात, आणि तिला पाच-सहा वर्षे किंवा जास्तच लागतात. दुसरी गोष्ट अशी की एकाच कळपातल्या दोन गाईंच्या दुधात जो फरक असतो, त्यातला साधारण पाव ते एक-तृतीयांश भागच वारशाने आलेला असतो. बाकीचा चारा, पाणी, गोठा, आजार आणि माणसाची निगा यांचा असतो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, कारण माझे पुढचे सगळे बोलणे त्यावर उभे आहे.

निवडीने सुधारणा होते, पण पायरी-पायरीने होते. नोंदी चोख असल्या आणि सिद्ध वळू असले तरी वर्षाला एखाद्या टक्क्याची वाढ मिळाली तर ते चांगले काम समजतात. संकर मात्र एका पिढीत उडी मारतो. गावरान गाय आणि जर्सी किंवा होल्स्टीनचे रेत, यांतून झालेली पहिली पिढी आईच्या कितीतरी पट दूध देते, लवकर व्यायला येते, आणि दोन भिन्न रक्तांच्या मिलनाने येणारा जोमही तिच्यात असतो. म्हणूनच आपल्या देशाने हा मार्ग धरला.

या इतिहासात मिशनरी लोकांचाही वाटा आहे, तो आपल्या मंडळ्यांना ठाऊक असावा. अमेरिकन मिशनरी सॅम हिगिनबॉटम यांनी १९१० साली अलाहाबादजवळ नैनी येथे शेतकीचे शिक्षण सुरू केले. त्याच अलाहाबाद कृषी संस्थेत जर्सी आणि लाल सिंधी यांच्या संकरातून 'जरसिंद' आणि ब्राऊन स्विस व लाल सिंधी यांतून 'ब्राऊन सिंद' ही जनावरे तयार झाली. महाराष्ट्रात गांधीजींचे अनुयायी मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली, आणि गोठवलेल्या रेताने शेतकऱ्याच्या दारात जाऊन कृत्रिम रेतन करण्याची पद्धत गावोगाव नेली. त्या कामाबद्दल त्यांना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तिघांच्या रक्तातून 'फुले त्रिवेणी' काढली. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात होल्स्टीन आणि देवणी यांच्या संकरातून 'होलदेव' जनावरांवर काम झाले. पश्चिम महाराष्ट्रात या संकरित गाईंनी हजारो घरांत मुलांच्या फिया भरल्या, मुलींची लग्ने लावली. हे ऋण मान्य करूनच मी पुढे जातो.

२०१९ च्या पशुगणनेत देशात संकरित आणि विदेशी जनावरे पाच कोटींच्या वर भरली. त्याआधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा ती सुमारे २७ टक्क्यांनी वाढली होती. त्याच काळात देशी आणि गावठी गोवंश सुमारे ६ टक्क्यांनी घटला. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते यावरून दिसते.

मग आम्ही त्या वाऱ्याबरोबर का जात नाही?

आमच्या कामाच्या भागात चला. किनवट आणि माहूर, पैनगंगेच्या काठचे डोंगर. गोंड, कोलाम, आंध, परधान यांची वस्ती. गोंडांचे गुडे आणि कोलामांचे पोड बहुधा उतारावर किंवा जंगलाच्या कडेला. दोन-चार एकर हलकी, मुरमाड जमीन. कापूस, तूर, ज्वारी, पाऊस पडला तर पडला. ट्रॅक्टर त्या उतारावर चढत नाही, चढला तरी त्याचे भाडे परवडत नाही. त्या घरात गुरांचा पहिला उपयोग बैल, दुसरा शेणखत, तिसरा दूध. आजारपणाच्या किंवा लग्नाच्या वेळी विकता येणारी बँक म्हणूनही जनावर हवे असते.

आता दहा लिटर दूध देणारी संकरित गाय या अंगणात आणून बांधा आणि हिशोब करा. सुमारे चारशे किलो वजनाच्या त्या गाईला रोज वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कडबा, आणि पाच किलोच्या आसपास पशुखाद्य किंवा सरकी पेंड लागते. उन्हाळ्यात सत्तर ते ऐंशी लिटर पाणी लागते. हिरवा चारा बारमाही हवा, म्हणजे विहिरीला बारमाही पाणी हवे. पाण्याचे म्हणाल तर लातूरकरांना मी काय सांगू? १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे या शहरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ते सगळे पाणी फक्त अशा गाईंना पाजले असते तर सहा हजारांच्या आसपास गाईंना एक दिवस पुरले असते. त्या वर्षी लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या.

गावरान किंवा लाल कंधारी गाय याउलट रानात चरून येते, कडब्यावर आणि पाल्यावर दिवस काढते. दुष्काळात दूध आटवते, पण स्वतः जगते आणि पाऊस आला की पुन्हा गाभण राहते. संकरित गाईचे शरीर दुधासाठी घडलेले असल्याने चारा कमी पडला तरी ती आधी आपली चरबी, मग मांस झिजवून दूध देत राहते. मग तिचा माज लांबतो, गाभण राहणे लांबते, आणि भाकड काळ वाढतो. कागदावरचे तीन हजार लिटर गोठ्यात हजारावर येतात. तिचा खर्च मात्र तितकाच राहतो.

आजारांचेही तसेच. गोचीड तापाला संकरित जनावर लवकर बळी पडते आणि त्याचे औषध महाग असते. आपली जनावरे त्या गोचिडांबरोबर शेकडो पिढ्या राहिलेली आहेत. उन्हाचेही तसेच आहे. देशी गाईची सैल कातडी, वशिंड, घाम सोडण्याची ताकद हे सारे आपल्या मे महिन्यासाठी घडलेले आहे.

गोऱ्ह्याचा प्रश्न याहून अवघड आहे. जन्मणाऱ्या वासरांत साधारण निम्मे नर. लाल कंधारीचा गोऱ्हा म्हणजे घरात पैसा, कारण तीन-चार वर्षांत तो बैल होतो. संकरित गोऱ्ह्याला वशिंड धड नसते, तो उन्हात औताला टिकत नाही, आणि गरीब घर त्याला दूध पाजून वाढवत नाही. २०१५ पासून आपल्या राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे तो पाळणेही जड आणि विकणेही जड. अलीकडे नव्वद टक्के कालवडीच व्हाव्यात असे लिंगवर्गीकृत रेत मिळते. सोय चांगली आहे, पण ज्या घराला बैलच हवा आहे त्याला तिचा काय उपयोग?

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. संकराचा जोम पहिल्या पिढीत सर्वांत जास्त असतो. ती अर्ध्या रक्ताची गाय गावातल्या कुठल्याही अर्ध्या रक्ताच्या वळूने भरवली, तर पुढच्या पिढीत तो जोम निम्म्यावर येतो आणि वासरे एकसारखी निघत नाहीत. एक आजीवर जाते, एक आजोबावर. उलट प्रत्येक वेळी विदेशीच रेत भरत गेले तर रक्त पाऊण, मग त्याहून जास्त विदेशी होते आणि जनावर नाजूक होत जाते. म्हणून विदेशी रक्त पन्नास ते साडेबासष्ट टक्क्यांच्या दरम्यान ठेवावे असे आपल्याकडे सांगतात. ते सांभाळायचे तर कोणत्या गाईला कोणत्या वळूचे रेत दिले ते दर वेळी लिहावे लागते, आणि गाय माजावर आल्यावर बारा-अठरा तासांच्या आत रेतन करणारा माणूस दारात लागतो. उणे १९६ अंशांच्या नत्रात ठेवलेल्या रेतकांड्या घेऊन तो पावसाळ्यात माहूरच्या डोंगरातल्या एखाद्या पोडावर वेळेत कसा पोहोचणार?

एका गुड्यावरची गोष्ट सांगतो. एका कुटुंबाला कुठल्याशा योजनेतून संकरित गाय मिळाली होती. जनावर उत्तम. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तिने भरपूर दूध दिले. पण दूध संकलन केंद्र लांब, घरातला मुलगा सायकलवर कॅन नेईपर्यंत उन्हाळ्यात दूध फाटायचे. मार्चनंतर चारा विकत, पेंड उधारीवर. मे महिन्यात गाय कमी भावाने विकली गेली आणि दुकानदाराची उधारी मागे राहिली. त्या घरातली बाई मला म्हणाली, "गाय चांगलीच होती दादा, आमचंच घर तिच्या लायकीचं नव्हतं." बंधुभगिनींनो, आपल्या देणगीने एखाद्या गरिबाला आपले घर नालायक वाटावे, यापेक्षा वाईट देणगी कोणती? त्या घरात काही उणे नव्हते. गाय निवडताना त्या घराला कोणी विचारलेच नव्हते.

तर मग संकरित गाय वाईट का? मुळीच नाही. आमच्या मंडळीतले काही शेतकरी बांधव इथे बसले आहेत, त्यांच्या गोठ्यात ती शोभते. विहीर किंवा बोअर बारमाही आहे, मका किंवा नेपियर लावायला अर्धा एकर वेगळा आहे, मुरघास करता येतो, केंद्र गावातच आहे, डॉक्टर फोनवर येतो, आणि घरात दोन माणसे गोठ्यासाठी मोकळी आहेत, तर त्यांनी संकरित गाय जरूर पाळावी, तिची नोंद ठेवावी आणि रक्ताचे प्रमाण सांभाळावे. यातल्या तीन गोष्टीही नसतील तर तिथे ती गाय देणे म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर कर्ज ठेवणे होय.

मग डोंगरातल्या कुटुंबांनी दोन लिटरवरच राहावे का? असेही नाही. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे, तो हळू आहे पण पक्का आहे. गुड्यांवरच्या बहुतेक गाई कोणत्याच ठरावीक जातीच्या नाहीत, लहान चणीच्या गावठी आहेत. त्यांना उत्तम लाल कंधारी वळू दाखवला तर पहिल्या पिढीत निम्मे, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात जवळजवळ नव्वद टक्के लाल कंधारी रक्त येते. जनावर मोठे होते, बैल दणकट होतो, दूध वाढते, आणि काटकपणा कुठेही जात नाही, कारण दोन्ही बाजूंचे रक्त याच मातीतले आहे.

यासाठी चार गोष्टी कराव्या लागतात, आणि चारही साध्या आहेत.

पहिली, वळूची निवड. तो यात्रेतल्या रुबाबावर घ्यायचा नाही. त्याची आई पाहायची, तिचे दूध सकाळ-संध्याकाळ मोजायचे, तिची वेते किती आणि दोन वेतांतले अंतर किती ते विचारायचे. ब्रुसेलोसिस आणि क्षयरोगाची तपासणी करूनच वळू आणायचा.

दुसरी, नको त्या नरांचे वेळेवर खच्चीकरण. चांगला वळू आणला आणि गावातले मरतुकडे गोऱ्हे कळपात मोकळे राहिले तर सगळी मेहनत वाया जाते. हे काम पशुवैद्यकीय दवाखान्यातले कर्मचारी चिमट्याने करून देतात.

तिसरी, वळूची अदलाबदल. एकाच वळूच्या मुली तीन वर्षांत माजावर येऊ लागतात. तो तिथेच राहिला तर बाप-लेकीचा संबंध येतो आणि वासरे कमकुवत निघतात. म्हणून दर तीन वर्षांनी या गुड्याचा वळू त्या पोडावर, तिथला इकडे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, वही. गाईच्या कानात सरकारी बारा आकडी बिल्ला असतोच. त्या आकड्यापुढे कधी भरली, कधी व्याली, नर की मादी, महिन्यातून एकदा मोजलेले दूध, एवढेच लिहायचे. शाळेत जाणारी मुलगी हे काम करू शकते. नीतिसूत्रे आपल्याला आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घ्यायला सांगतात. मला वाटते, ती जाणण्याची सुरुवात अशा वहीतून होते.

हे आमच्या मनचे स्वप्न नाही. गेल्या शतकात ब्राझीलने आपल्या गुजरातेतली गीर जनावरे नेली. तिथे त्यांनी गाईंचे दूध मोजले, वळू संततीवरून पारखले, आणि आज ब्राझीलची गीर दुधासाठी जगात नावाजली जाते. त्यांनी संकरही केला, पाच-अष्टमांश होल्स्टीन आणि तीन-अष्टमांश गीर अशी 'गिरोलांडो' जात बांधली. पण मूळ गीर बुडू दिली नाही. संकराला दोन शुद्ध बाजू लागतात. आपण आपली बाजूच संपवली तर उद्या संकर तरी कशाशी करणार?

आपल्याकडेही नवी साधने येत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिम जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते 'गौचिप' चे लोकार्पण झाले. वासराच्या रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून त्याच्या जनुकांचा अंदाज घेता येतो, म्हणजे वळूच्या मुली दूध देईपर्यंत थांबावे लागणार नाही. पण ही चिप कशाशी ताडून पाहायची? प्रत्यक्ष मोजलेल्या दुधाच्या नोंदींशीच. ज्या जातीच्या नोंदी नाहीत तिला चिप काही सांगू शकत नाही. लाल कंधारी आणि देवणीच्या गाईंचे दूध गावोगाव मोजले गेले तरच ते विज्ञान आपल्या गोठ्यापर्यंत येईल. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. त्यांना लागते ती माहिती आपल्या गुड्यांवरच्या वह्यांतून जाऊ शकते.

आता माझी विनंती. गाय देण्यात एक आनंद असतो. गळ्यात हार घातलेली गाय, तिच्याशेजारी हसणारे कुटुंब, असे छायाचित्र आपल्याला आवडते आणि मलाही आवडते. पण येत्या वर्षी ज्यांनी एका गाईचे पैसे देऊ केले आहेत त्यांनी ते पाच-सहा गुड्यांमिळून एका वळूच्या संगोपनासाठी, लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्याच्या लसींच्या फेऱ्यांसाठी, चाऱ्याच्या बियाण्यासाठी आणि वजनकाटा व वह्यांसाठी द्यावेत, असे मी सुचवतो. वळूला हार घालून फोटो काढता येईल, वहीला घालता येणार नाही. पण पाच वर्षांनी त्या वहीतून कोणत्या गाईच्या कालवडी राखायच्या ते कळेल, आणि ते ठरवणारे लोक गुड्यावरचेच असतील. आम्ही तिथे असू किंवा नसू, काम चालेल.

ज्यांना गायच द्यायची आहे त्यांनाही नाही म्हणणार नाही. पण ती माळेगावच्या बाजारातून किंवा कंधार-मुखेडच्या शेतकऱ्याकडून घेतलेली, दूध मोजून पाहिलेली लाल कंधारी असेल, आणि ती कोणत्या घरी जाईल, कधी जाईल हे त्या गुड्याची बैठक ठरवेल.

अजून एक. आपल्यापैकी ज्यांच्या शेतावर देवणी गाय उरली आहे त्यांनी तिला पुढच्या वेळी देवणीचेच रेत भरवावे. निदान एक गाय तरी. आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्याच्या नावाची जात टिकवायला दिल्लीहून किंवा पुण्याहून कोणी येणार नाही.

पुढच्या अंकात वळू कोणत्या गुड्यांवर गेले आणि किती गाई भरल्या याचा हिशोब आपल्याला वाचायला मिळेल.  देव आपल्या घरांना आणि गोठ्यांना आशीर्वाद देवो.